शॉबोस्टचा पायमाग : आमची वाटचाल

इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला आमचा धंदा समजावून सांगायला वेळ लागत नाही, पटवून द्यायला मात्र लागतो. स्कॉटलंडच्या वायव्येला समुद्रात असलेल्या ल्युइस बेटावर, शॉबोस्ट या गावात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचा एक माग आहे. त्यावर आम्ही हॅरिस ट्वीड हे जाड लोकरी कापड विणतो आणि थेट शिंप्यांना विकतो. माग पायाने चालतो. त्याला मोटर जोडली तर सूत तेच राहील, विणकरही तोच राहील, पण निघालेल्या कापडाला हॅरिस ट्वीड म्हणता येणार नाही. १९९३ साली ब्रिटिश संसदेने खास या कापडासाठी केलेल्या कायद्यानुसार लोकर शुद्ध आणि नवी असावी लागते, ती ल्युइस ज्यांत मोडते त्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली असावी लागते, कापड बेटावरील रहिवाशाने स्वतःच्या घरी हाताने, म्हणजे मोटर न लावता, विणलेले असावे लागते आणि धुलाईपासूनची अखेरची प्रक्रियाही बेटांवरच व्हावी लागते. ज्या इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, त्या गावात मी वाढलो. वडिलांना हा कायदा फोनवर समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मग दिवसाला मीटर किती पडतात?"

पत्नीला स्टॉर्नोवे या बेटावरच्या मुख्य गावात नोकरी मिळाली म्हणून २००१ साली आम्ही येथे आलो. शॉबोस्ट बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, अटलांटिकच्या तोंडावर आहे. गावाची रचना आपल्याकडच्या गावठाणासारखी नाही. रस्त्याच्या कडेने एकेक घर आणि त्याला जोडून क्रॉफ्ट म्हणजे कुळाच्या जमिनीची लांबट पट्टी, अशी घरे दूरवर पसरलेली आहेत. १८८६ च्या कायद्याने येथील कुळांना जमिनीवरून हुसकावण्यापासून संरक्षण मिळाले. मात्र एवढ्याशा पट्टीवर कुटुंबाचे पोट भरेल, असे त्या कायद्यालाही वाटले नसावे. म्हणून येथे प्रत्येकाचे दोन-तीन धंदे असतात. मेंढ्या आहेत, बटाटे आहेत, कोणी शाळेची बस चालवतो, आणि संध्याकाळी शेडमधून मागाचा आवाज येतो. मे महिन्यात माळावर जाऊन पीट काढायचे, म्हणजे दलदलीतली कुजकी माती विटांसारखी कापून वाळत घालायची, आणि पुढे थंडीत तीच चुलीत जाळायची. रविवारी माग बंद असतो. तो कायद्याने नव्हे, गावाच्या रीतीने. जुन्या घरांतून त्या दिवशी धुणेसुद्धा बाहेर वाळत घालत नाहीत, आणि स्टॉर्नोवेहून रविवारची बोट २००९ च्या जुलैत सुरू झाली, तेव्हा त्यावर बराच वाद झाला होता.

या बेटांवर कापड घरोघर विणले जाई ते आधी घरच्यांच्याच अंगावर घालण्यासाठी. १८४० च्या दशकात ल्युइसला लागून असलेल्या हॅरिसच्या जमीनदारीण लेडी डनमोर यांनी ते आपल्या श्रीमंत मित्रमंडळींत नेले आणि त्याला बाहेरची बाजारपेठ मिळाली. पहिल्या महायुद्धाने येथील पुरुष नेले, आणि १९१९ च्या नववर्षाच्या पहाटे सुटीवर घरी परतणाऱ्या खलाशांची 'आयोलेअर' ही बोट स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशीच खडकावर आदळून २०१ जण बुडाले. त्या दिवसाबद्दल गावातली म्हातारी माणसे फार काळ उघडपणे बोलतच नसत. त्यानंतरच्या वर्षांत यॉर्कशायरमध्ये बनलेला हॅटर्सली माग बेटावर आला. धोटा, म्हणजे आडवे सूत या कडेपासून त्या कडेपर्यंत नेणारा भाग, हाताने फेकण्याची गरज उरली नाही, दोन पायांनी पायट्या दाबल्या की बाकीचे माग पाहतो. याच मागावर १९६६ साली बेटांनी ७६ लाख यार्ड कापड काढले. तो आकडा पुन्हा कधी आला नाही.

आमचा हॅटर्सली शेजारच्या आजोबांचा. ते पुढे आमचे भागीदार झाले. भागीदारीचा कागद त्यांनी कधी करू दिला नाही. "माग तुझ्या शेडमध्ये, कान माझे," असे म्हणत. ते खरेच होते. भिंतीपलीकडे चहा पीत बसलेले असताना धोट्याला टोला देणाऱ्या पिकरची चामडी पट्टी सैल झाली आहे, हे त्यांना धोट्याच्या ठोक्यावरून कळे. या मागाचे सुटे भाग आता सहजी मिळत नाहीत, म्हणून गावात कोणाच्या शेडमध्ये जुना माग गंजत पडला आहे, याची यादी त्यांच्या डोक्यात असे. सांधणी, म्हणजे संपलेल्या ताण्याला (उभ्या धाग्यांना) नवा ताणा जोडणे, मी इचलकरंजीत पाहिली होती, पण स्वतः शिकलो ती त्यांच्याकडे. संपलेल्या ताण्याचे शेवट वहीत (उभे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीत) आणि फणीत तसेच ठेवायचे, नवा बीम म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ मागे चढवायचा आणि एकेरी पन्ह्यातले सुमारे सातशे धागे एकेक करून जुन्याला गाठायचे. गाठ इतकी चपटी हवी की फणीतून ओढताना अडकता कामा नये. लोकर आधी रंगवून, मग मिसळून कातलेली असल्यामुळे दुरून तपकिरी दिसणाऱ्या धाग्यात जवळून निळा, गंजका, पिवळा असे कितीतरी रंग दिसतात. बल्बच्या उजेडात दोन करडे धागे एकसारखे वाटतात आणि सकाळी दारात कापड उलगडल्यावर पट्टा उठून दिसतो. आजोबा म्हणूनच रंगाची सांधणी दिवसाउजेडीच करू देत.

सुरुवातीला आम्हीही इतरांप्रमाणे खर्चीवाले, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणारेच होतो. गिरणीची गाडी ताणा आणि बाण्याचे म्हणजे आडवे सूत आणून देई, विणलेले तेलकट कापड घेऊन जाई आणि मजुरी जमा होई. २००६ अखेरीस ज्या मोठ्या गिरणीवर अर्धे बेट अवलंबून होते, ती विकली गेली. नव्या मालकाने पिढ्यान्पिढ्या जमवलेले हजारो नमुने बाजूला सारले आणि फक्त चार ठेवले; कापड दुसऱ्या कोणाला न विकता त्याची जाकिटेच शिवून विकायची, असे धोरण आखले. काही महिने सगळ्यांना भरपूर काम मिळाले, आणि त्याच महिन्यांत आम्हाला शहाणपण शिकवायला येणारेही भरपूर मिळाले. चार नमुने म्हणजे कमी साठा, कमी साठा म्हणजे जास्त नफा, हे गणित मला तेव्हाही पटले नव्हते. ट्वीड घेणारा गिऱ्हाईक दुसऱ्याच्या अंगावर आपलेच जाकीट पाहायला येत नाही. जाकिटे गोदामात पडून राहिली, गाडी येईनाशी झाली. एकेका शेडचे दार बंद झाले. आमच्या ओळीतले दोघे मुख्य भूमीवर नोकरीला गेले, ते परतले नाहीत. त्या काळात जी मजुरी अडकली, तिचा हिशेब माझ्याकडे आजही लिहून ठेवलेला आहे.

आम्ही तगलो ते ग्लासगोच्या एका शिंप्यामुळे. त्यांचे दुकान लहान, गिऱ्हाईक मोजके. गिरणीच्या सुतातून उरलेल्या कांड्यांवर आजोबांनी हौसेने विणलेला एक गडद हिरवा तुकडा त्यांनी सुटीत आमच्या शेडमध्ये पाहिला, तेथेच विकत घेतला आणि पुढल्या आठवड्यात पत्र पाठवले : असेच आणखी, पण दोन तुकडे एकसारखे नकोत. तेव्हापासून आम्ही सूत स्वतः विकत घेऊ लागलो, नमुने स्वतः मांडू लागलो आणि धुलाईपुरतेच गिरणीकडे जाऊ लागलो. २००७ च्या अखेरीस आमच्याच गावातली बंद पडलेली गिरणी नव्या लोकांनी सुरू केली, त्यामुळे सुताचा प्रश्न सुटला. पण तोपर्यंतचा हिवाळा त्या एका गिऱ्हाइकाच्या जिवावर निघाला. ते अजूनही दर शरद ऋतूत एक तुकडा नेतात. घासाघीस करत नाहीत. पैसे कापड निघण्यापूर्वी येतात.

त्यानंतरची वर्षे बरी गेली, त्यांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. सांगायचे आहे ते मुख्य भूमीवरच्या एका व्यापाऱ्याबद्दल. मोठी मागणी देतो म्हणून त्याने आमच्याकडून नमुन्याचे तुकडे मागवले, आठवडे घेतले, दर जास्त वाटतो असे कळवले, आणि वर्षभराने तीच चौकट, तोच गंजका धागा, यंत्रमागावर काढलेल्या कापडात त्याच्या दुकानात लागला. पाटीवर हॅरिस हा शब्द नव्हता, बेटाचे चित्र मात्र होते. आम्ही चौकशी केली. गोल आणि त्यावर क्रूस असलेले आमचे बोधचिन्ह कापडाच्या नावाचे रक्षण करते, चौकटींच्या मांडणीचे नाही. आजोबा तेव्हा आजारी होते. त्यांनी तो तुकडा हातात घेऊन चुरगळला, सोडला आणि तो कसा सुरकुतलेलाच राहतो ते मला दाखवले. त्यांना तेवढे पुरे झाले, मला झाले नाही.

इचलकरंजीतून, सोलापुरातून तरुण मंडळी अधूनमधून विचारतात, म्हणून इतरांनी विचारले नसले तरी सगळ्यांसाठीच लिहितो. नमुन्याचा तुकडा फुकट देऊ नका. द्यायचाच तर तळहाताएवढा द्या, त्यावरून चौकटीची पूर्ण पुनरावृत्ती मोजता येता कामा नये. एकाच गिरणीचे किंवा एकाच पेढीचे सूत घेत असाल, तर दुसरीशी बोलणे आजच सुरू करा. जुना माग भंगारात घालण्याआधी त्याचे भाग सुटे करून ठेवा. आणि मीटरवर मजुरी धरणारा माणूस पहिल्यांदा मीटर वाढवतो आणि मग कापड बिघडवतो. आमच्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मी आजपर्यंत त्यांना दिलेले नाही ते यासाठीच.

आजोबा गेल्यावर माग त्यांच्या नातवाने मागितला नाही. तो आता आमच्या मुलीला शनिवारी सांधणी शिकवतो. गेल्या वर्षी त्या व्यापाऱ्याचे पत्र आले. बाजारात आता खऱ्या कापडाला मागणी आहे, जुन्या संबंधांना स्मरून दर कळवावा, असे त्याने लिहिले होते. आम्ही चालू दर कळवला, संपूर्ण रक्कम आगाऊ मागितली आणि नमुना हवा असल्यास शॉबोस्टला येऊन पाहावा असे लिहिले. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.