हातपाय बारीक आणि पोट पुढे: सिक्स पॅकआधी टेप लावा

पोलीस भरतीच्या तयारीतली पोरं पहाटे सोळाशे मीटरच्या फेऱ्या संपल्या की पोटाच्या मागे लागतात. दोनशे सिट-अप्स, त्यावर शंभर क्रंच, मग पाठ सोलवटेपर्यंत जमिनीवर पडून हवेत सायकलिंग. तीन महिने हे चालतं आणि पोट होतं तसंच राहतं. मेहनत खरी असते, दिशा चुकलेली असते. आणि गावाकडच्या पोरांची अडचण शहरातल्या जिमवाल्यांपेक्षा वेगळी असते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ज्याला आपण पॅक म्हणतो तो स्नायू प्रत्येकाच्या पोटात जन्मापासून असतो. जांघेच्या वरच्या हाडापासून पाचव्या ते सातव्या बरगडीच्या कूर्चेपर्यंत दोन उभे पट्टे जातात. मधोमध पांढऱ्या तंतूंची उभी रेघ असते आणि पट्ट्यांवर आडव्या कंडरा, म्हणजे चिवट तंतूंच्या पट्ट्या, असतात, बहुतेकांना तीन. या आडव्या-उभ्या रेघांमधला स्नायू फुगला की चौकोन दिसतात. कंडरा किती आणि कुठे हे जन्मतः ठरलेलं असतं. म्हणून कोणाला चार दिसतात, कोणाला आठ, आणि कोणाचे डावे-उजवे एका रेषेत नसतात. कोणताही व्यायाम हे बदलू शकत नाही, तेव्हा मोबाईलवर पाहिलेल्या पोटाशी आपलं पोट ताडून बघण्यात वेळ घालवू नये.

दिसणं दोनच गोष्टींवर ठरतं: स्नायू किती जाड आहे आणि त्यावर चरबीचा थर किती आहे. चरबीही दोन जागी असते. एक कातडीखाली, जी नाभीच्या बाजूला दोन बोटांत चिमटून धरता येते. दुसरी आत, आतड्यांच्या आणि यकृताच्या भोवती. चिमटीत फारसं काही येत नाही, पण पोट टणक आणि पुढे आलेलं आहे, तर भर आतल्या चरबीचा. ही चरबी मधुमेह आणि हृदयविकाराच्या दृष्टीने जास्त वाईट, पण आहार-व्यायाम सुरू केल्यावर सहसा तीच आधी हलते. कातडीखालची, त्यातही नाभीच्या खालची, शेवटी जाते. तिथल्या चरबीपेशी साठवलेली चरबी सहज सोडत नाहीत. म्हणून वरचे दोन चौकोन दिसायला लागले आणि खाली काहीच नाही, हा क्रम अगदी बरोबर आहे. तिथे व्यायाम बदलू नका, फक्त थांबू नका.

आता आपल्या मुख्य अडचणीकडे. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला: लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ आणि आत चरबीदार, हा आपल्याकडचा नेहमीचा बांधा आहे. गावात दहा पोरं उभी केली तर अर्ध्यांचे दंड मनगटापेक्षा फार जाड नसतात आणि बनियनखाली पोट मात्र गोल असतं. अशा पोराने "पोट कमी करायचं" म्हणून भाकर सोडली की उरलासुरला स्नायू जातो, वजन ५८ वरून ५३ होतं, गोळाफेकीत मागे पडतो आणि पोट तरीही मऊच राहतं. कमी खाणं हा त्याचा उपाय नाहीच. त्याला स्नायू वाढवायचा आहे.

म्हणून आधी टेप. शिंप्याकडचा कापडी टेप चालतो. सकाळी उठून, मोकळं होऊन आल्यावर, काही खाण्याआधी, श्वास सहज सोडून नाभीच्या रेषेत कंबर मोजायची. टेप मागून वर चढता कामा नये, पोट आत ओढायचं नाही. मान कंठमण्याच्या जरा खाली मोजायची. अमेरिकी नौदलाचं एक सूत्र या दोन मापांवरून आणि उंचीवरून चरबीचा अंदाज देतं. उंची १७० सेंमी आणि मान ३७ सेंमी असलेल्या पुरुषाची कंबर ९० असेल तर चरबी सुमारे २२ टक्के, ८४ ला १८, ७८ ला १३ आणि ७४ ला ९ टक्के. तीन-चार टक्क्यांची चूक धरून चाला. पण दर पंधरा दिवसांनी त्याच वेळी मोजलं तर फरकाची दिशा नक्की कळते, आणि आपल्याला तीच हवी.

पुरुषांत साधारण १५ टक्क्यांच्या आसपास वरचे चौकोन पुसट दिसतात आणि १० ते १२ टक्क्यांना सगळे स्पष्ट होतात. स्नायू जाड असेल तर १४ टक्क्यांनाही पोट चांगलं उठून दिसतं, पातळ असेल तर ११ टक्क्यांनाही सपाटच. बायकांमध्ये हाच फरक साधारण १८ ते २० टक्क्यांना दिसतो.

मापावरून मार्ग ठरवा. कंबर ८० च्या आत आणि तरी काही दिसत नाही, तर स्नायू नाही: पोटभर खा, ताकदीचा व्यायाम करा. कंबर ८० ते ८८ आणि हातपाय बारीक, तर वजन आहे तिथेच ठेवा, प्रथिनं वाढवा आणि चार महिने वजन उचला. नव्याने ताकदीचा व्यायाम करणाऱ्याच्या शरीरात स्नायू वाढणं आणि चरबी घटणं एकाच वेळी होऊ शकतं. काटा हलत नाही, टेप हलतो. कंबर ९० च्या पुढे असेल तरच खाण्यात कपात. पुरुषाला ९० सेंमी आणि बाईला ८० सेंमी ही भारतीयांसाठीची धोक्याची रेघ आहे, तेव्हा तिथे प्रश्न दिसण्याचा उरत नाही.

कपातीचं गणित असं. ६८ किलो वजन आणि २० टक्के चरबी, म्हणजे १३.६ किलो चरबी आणि ५४.४ किलो बाकी शरीर. १२ टक्क्यांवर यायचं तर वजन ६१.८ किलो, म्हणजे सहा किलोंहून थोडी जास्त चरबी घालवायची. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज ४४० कॅलरी कमी पडल्या तर आठवड्याला ४०० ग्रॅम, म्हणजे पंधरा-सोळा आठवडे. "एका महिन्यात सिक्स पॅक" सांगणारा व्हिडिओ इथेच खोटा पडतो.

सिट-अप्सने पोटावरचीच चरबी का जात नाही? कारण स्नायूला लागणारं इंधन रक्तातून येतं आणि रक्तात चरबी सगळ्या शरीरातून सोडली जाते. १९७१ साली टेनिसपटूंचे दोन्ही हात तपासले गेले. वर्षानुवर्षं रॅकेट फिरवलेल्या हातावरचा चरबीचा थर दुसऱ्या हातापेक्षा पातळ नव्हता. २०११ च्या एका अभ्यासात सहा आठवडे फक्त पोटाचे व्यायाम करून घेतले, पोटाची चिकाटी वाढली, चरबी होती तेवढीच राहिली. शंभर सिट-अप्सना लागणारी ऊर्जा चहात टाकलेल्या एक-दीड चमचा साखरेएवढी असते.

"वावरात दिवसभर राबतो, तरी पोट सुटलं," हेही ऐकू येतं. डवरणी-निंदणाच्या दिवसांत खरोखर कष्ट होतात. पण नांगरणी ट्रॅक्टरवर, वावरात जाणं गाडीवर, आणि हरभरा निघाल्यापासून मृगापर्यंत बरेच जण मोकळे असतात, जेवण मात्र पावसाळ्यातलंच. शिवाय लग्नसराई त्याच दिवसांत.

ताटात सगळ्यात आधी तेल पाहा. आपल्याकडे विदर्भात गोळाभातावर, वडाभातावर वरून फोडणीचं तेल घेतात, रस्स्यावर तर्री बोटभर असते. एक छोटी पळी तेल म्हणजे १५ ग्रॅम, १३५ कॅलरी. दिवसभरात पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे आणखी २००. चहाची साखर आणि दोन पळ्या तेल सोडलं की वरचे ४४० पूर्ण होतात, भाकरीला हात लावावा लागत नाही. ज्वारीची एक भाकर साधारण ६० ग्रॅम पिठाची, २०० कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं. ती शत्रू नाही.

प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.६ ग्रॅम धरा. ६२ किलोच्या पोराला सुमारे १०० ग्रॅम. सोयाबीनच्या वड्या कोरड्या ५० ग्रॅम (२६), तुरीची डाळ कोरडी ७० ग्रॅम (१५), तीन भाकरी (१८), तीन अंडी (१८), फुटाणे ५० ग्रॅम (१०) आणि दूध-दही मिळून ४०० मिली (१३), झाले १००. पावडरचा डबा लागला नाही. अंडी चालत नसतील तर वड्या ८५ ग्रॅम करा. भंडारा-गोंदियाकडे तलावातली मासळी मिळते, १०० ग्रॅममध्ये १७-१८ ग्रॅम प्रथिनं, पण रस्सा तेलात पोहत नसावा. घरचं सोयाबीन खायचं तर रात्रभर भिजवून कुकरमध्ये मऊ शिजवा. नुसतं भिजवून कच्चं खाऊ नका. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनांचं पचनच रोखतात आणि पोट फुगतं. झुणक्याला, म्हणजे आपल्या चुनाला, प्रथिनांचा पदार्थ समजतात ते अर्धंच खरं: बेसन चांगलं, पण चून जितकं चवदार तितकं त्यात तेल.

आता व्यायाम. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, मल्लखांब आणि जोर-बैठका आपल्या मातीत आहेत. मल्लखांबपटूचं पोट पाहा. तो क्रंच मोजत नाही, त्याचा पोटाचा स्नायू अख्ख्या शरीराचं वजन पेलतो. पोटाचा स्नायूही दंडासारखाच आहे, भार वाढला तर वाढतो. शंभरदा हलक्या हालचालीने फक्त चिकाटी येते.

मैदानावरच्या सिंगल बारला किंवा लिंबाच्या मजबूत आडव्या फांदीला लटकून गुडघे उचलणं हा उत्तम व्यायाम, आणि दहातले नऊ जण तो चुकवतात. मांडी नुसती वर आणली की काम मांडी उचलणाऱ्या स्नायूचं होतं, जो कंबरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जातो. पोट जवळजवळ रिकामंच. गुडघे कमरेच्या रेषेत आल्यावर पुढे ओटीपोटाचं हाड छातीकडे वळवायचं, ढुंगण जरा पुढे-वर उचललं गेलं पाहिजे. वर जाताना श्वास सोडा, खाली यायला तीन सेकंद घ्या. झोका येत असेल तर एकेक करून थांबा. ८ ते १२ वेळा, तीन सेट, मध्ये दीड मिनिट आराम. बारा सहज जमले की पाय सरळ करा.

दुसरा व्यायाम गुळगुळीत फरशीवर: गुडघ्यांवर बसून तळहाताखाली कोरडं फडकं घ्या आणि हात पुढे सरकवत जा. कंबर खाली झुकायला लागते तिथे थांबून परत या. ६ ते १० वेळा, तीन सेट. कंबर दुखते म्हणणारे सगळे त्या बिंदूच्या पुढे गेलेले असतात. तिसरा, छातीवर पाच किलो वाळूची पिशवी घेऊन क्रंच, १० ते १५. चौथा सगळ्यात सोपा: पाण्याने भरलेली १५-२० लिटरची बादली एका हातात घेऊन ३० मीटर चाला, दुसऱ्या बाजूला न कलता. मग हात बदला. बाजूचे तिरके स्नायू यात खरे कामाला लागतात. हे सगळं आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. रोज केल्याने लवकर होत नाही.

यासोबत अंगाचा मोठा व्यायाम हवाच: जोर, पुल-अप्स, खांद्यावर पोतं घेऊन बैठका, जमिनीवरून पोतं उचलणं. युरियाचं पोतं ४५ किलोचं असतं, एकदम ते घेऊ नका. रिकाम्या पोत्यात २० किलो वाळू भरून सुरुवात करा, आठवड्याला दोन किलो वाढवा. उचलताना पाठ गोल झाली की वजन जास्त आहे असं समजा. धावणं ठेवा, भरतीला ते लागतंच, पण पोटासाठी म्हणून दुप्पट करू नका.

झोप हा विषय आपल्याकडे अवघड, कारण रब्बीत विजेची लाईन रात्रीची असली की ओलीत, म्हणजे पिकाला पाणी देणं, रात्रीच करावं लागतं. २०१० च्या एका छोट्या प्रयोगात सारख्याच कमी आहारावर साडेआठ तास आणि साडेपाच तास झोपेची मुभा देऊन तुलना केली. वजन जवळपास तेवढंच घटलं, पण कमी झोपेत घटलेल्या वजनातला चरबीचा वाटा निम्म्याहूनही कमी झाला, बाकी स्नायू गेला. म्हणून रात्रीच्या ओलिताच्या आठवड्यात आहार कापू नका, दुपारी दीड-दोन तास झोपा आणि जड व्यायाम पुढे ढकला.

मे महिन्यात पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून किंवा रेनकोट घालून धावणारे दिसतात. घाम म्हणजे पाणी. काट्यावर किलोभर कमी दिसतं, दोन तांबे पाणी पोटात गेलं की परत येतं. चरबी जळल्यावर तिचा मोठा वाटा कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जातो, घामातून नाही. आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या ४५ अंशांत हे केलं तर उष्माघाताने जीव जाऊ शकतो. असं कोणी करताना दिसलं तर थांबवा, एवढी कळकळीची विनंती.

बाळंतपण झालेल्या बायकांनी एक तपासणी आधी करावी. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, डोकं जरासं उचला आणि नाभीवर बोटं आडवी ठेवून दाबा. दोन उभ्या पट्ट्यांमध्ये दोनपेक्षा जास्त बोटं जात असतील किंवा मध्ये उंचवटा येत असेल तर मधली तंतूंची रेघ अजून ताणलेली आहे. अशा वेळी क्रंच, सिट-अप्स आणि जड पोतं नको. आधी श्वास पूर्ण सोडत नाभी आत ओढून दहा सेकंद धरणं, दिवसातून दोनदा दहा-दहा वेळा, आणि जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवणं. व्यायाम आणि कमी खाणं चालू असताना पाळी लांबली किंवा थांबली, तर चरबी किंवा आहार गरजेपेक्षा खाली गेलाय असं धरून लगेच खाणं वाढवा आणि डॉक्टरांना भेटा.