काका, गाडी धुता फार वाटतं

मंगळवार, रात्री

मोटारसायकल तपासणीत नापास झाली. हे एकदा लिहून टाकलं की पुढचं लिहिता येईल.

तसं विशेष काही नाही. नंबरप्लेटवरचा दिवा लागत नाही आणि मागचा टायर बाद. दोन्ही करून आठ दिवसांत परत दाखवायची. लोकांच्या गाड्या याहून वाईट कारणांनी परत जातात. माझ्या पुढच्याचा हॉर्न मुका होता, ब्रेक नुसता नावाला, आणि तो पठ्ठ्या शीळ घालत निघून गेला. मी मात्र गाडी फाटकापर्यंत ढकलत आणली. चालू करायचं सुचलंच नाही.

डोक्यात बसलंय ते वेगळंच. त्या तपासणाऱ्या पोराने (पोरगाच, धाकट्याच्या वयाचा असेल) कागदावर खुणा करता करता, मान वर न करता म्हटलं, "काका, गाडी धुता फार वाटतं."

बस, एवढंच. टोमणा होता की कौतुक, तेही कळलं नाही. आवाज अगदी सपाट. 'काका'चं सोडून देऊ, ते आता ठरलेलंच आहे.

रविवारचा अख्खा दिवस त्या गाडीपायी घातला होता मी. जुन्या टूथब्रशने एकेक स्पोक घासला. इंजिनाच्या पंखांमधल्या फटीत बोट जात नाही, म्हणून चिंधी काडीला गुंडाळून आत फिरवली. चेनवरचा काळा चिकटा रॉकेलने काढला, कोरडी केली, नवं तेल दिलं. हँडलच्या मानेवरचा चॅसिस नंबर तर असा उजळला की लांबून वाचावा. गेल्या खेपेला तिथे ग्रीस साचलं होतं आणि तपासणाऱ्याने स्वतःच्या बोटाने ते पुसलं होतं. ती शरम पुन्हा नको होती. शेवटी टायरला पॉलिश. काळाभोर, ओला दिसावा असा.

सकाळी रांगेत माझीच गाडी चकाकत होती. हेही लिहितो, कारण तेव्हा मला बरं वाटलं होतं.

त्याने चकाकीकडे बघितलंही नाही. दोन स्प्रॉकेटांच्या मधोमध चेन बोटाने वर उचलली, खाली सोडली. ठीक. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवलं. ठीक. हेडलाइट, इंडिकेटर, दोन्ही ब्रेकला मागचा लाल दिवा, सगळं ठीक. मग उकिडवा बसून त्याने मागच्या टायरच्या बगलेवर अंगठा रोवला. पॉलिशची काळी साय सरकली आणि खाली बारीक बारीक भेगा उघडल्या. उन्हाने तडकलेल्या तळ्याच्या गाळासारख्या. अंगठा काढला, भेगा मिटल्या. पुन्हा दाबला, पुन्हा उघडल्या. मला नीट दिसावं म्हणून त्याने ते दोनदा केलं.

"नक्षी तर अजून खोल आहे," मी म्हटलं. म्हणजे बाजू मांडली.

त्याने बोलायच्या ऐवजी टायरवरचे चार आकडे दाखवले. ०९१४. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २०१४ सालचा नववा आठवडा. इतक्या वेळा तो टायर पुसला, ते आकडे बोटाखालून किती वेळा गेले असतील! मला तो कंपनीचा कसला तरी नंबर वाटायचा.

मग त्याने बोटं पँटला पुसली आणि ते वाक्य बोलला.

दिव्याचं तर आणखी हसू आहे. घरी येऊन काच उघडली, तर आत चमचाभर पाणी. होल्डरच्या पितळी पट्टीवर हिरवा गंज, कडेला साबणाची वाळलेली पांढरी रेघ. १२ व्होल्ट, ५ वॅटचा एवढासा बल्ब, तो मीच मारलाय. मडगार्डखालचा चिखल जावा म्हणून नळीचा फवारा खालून वर मारायची माझी पद्धत. शिवाय हा दिवा चालवणाऱ्याच्या पाठीमागे, त्याला कधी दिसतच नाही. कधीपासून बंद होता देव जाणे.

म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि ते चव्हाट्यावर मांडायला मी स्वतः फी भरून गेलो.

जेवताना हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "मग? खरंच धुता की फार." भाजी वाढून मोकळी. मला वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल की एवढं कोण करतं हल्ली गाडीचं. धाकट्याला फोन लावला, तो म्हणाला, "विकून टाका ना आता." त्यावर मी काही बोललो नाही.

आबांनी गाडी कधी धुतलेली मला आठवत नाही. सीटवर रुमाल फटकारला की झालं. सायलेन्सरवर रेनकोट चिकटून जळाल्याचा तो डाग त्यांचाच, अजून जात नाही. पण गाडी दारात उभी अशी कधी... जाऊ दे.

गेल्या वर्षभरात किती चालवली म्हणून आत्ता वहीत बघून आलो. पेट्रोल तीनदा भरलंय. पॉलिशच्या बाटल्यांची नोंद नाही, पण कपाटात दोन रिकाम्या आणि एक अर्धी आहे.

धुता फार वाटतं. त्याला 'चालवत नाही' असं म्हणायचं होतं का? की तेवढं बोलायचं त्याने टाळलं? तो त्याच्या घरी निवांत झोपला असेल.

गुरुवार

टायर बदलून आणला. टायरवाला बोलका निघाला. जुना टायर रिमवरून उतरवताना म्हणाला, हा झिजून मेला नाही, उभा राहून मेला. रबरात बनवतानाच एक प्रकारचं मेण घातलेलं असतं म्हणे. टायर फिरतो, दबतो, तसं ते हळूहळू वर येतं आणि हवेतल्या ओझोनपासून रबराला राखतं. गाडी उभी राहिली की ते वर यायचं मंदावतं. जे काही आलेलं असतं, ते आम्ही साबणाने घासून काढतो आणि वर बाटलीतली चमक लावतो.

'आम्ही' त्याने म्हटलं नाही. तो 'लोक' म्हणाला.

मी विचारलं, नव्याला पॉलिश कधीपासून लावायचं? त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी आपणच म्हटलं, बरं, राहू दे. मग त्याने बजावलं की पहिले १५० किलोमीटर सांभाळून. नवा टायर गुळगुळीत असतो, वरचा थर रस्त्यावर घासला जाईपर्यंत पकड येत नाही. वळणावर गाडी झुकवायची नाही, ब्रेक दाबून मारायचा नाही. पावसात तर जास्तच जपायचं.

१५० किलोमीटर! एवढी मी ती किती महिन्यांत चालवली असती, याचा हिशेब केला नाही. मुद्दामच.

संध्याकाळी कामाशिवाय बाहेर काढली. कुठे जायचं ठरलं नव्हतं, म्हणून सरळ रस्ता दिसेल तिकडे गेलो. वळणावर नवशिक्यासारखा ताठ बसत होतो, मागचे हॉर्न देत होते. अर्ध्या वाटेत भुरभुर सुरू झाली. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल इंजिनाच्या पंखांत जाऊन बसला, तिथेच, जिथे रविवारी काडीला चिंधी गुंडाळून फिरवली होती. तापलेल्या सायलेन्सरवर थेंब चुर्र करत होते. तिसरा गिअर टाकताना एक खटका लागतो, तो मला आजच कळला. की पहिल्यापासून आहे? आबांना माहीत असणार.

एकोणीस किलोमीटर झाले.

दारात आल्यावर ही म्हणाली, "ही आपलीच ना गाडी?" नंबरप्लेटचा दिवा लागलेला मागे जाऊन बघून आलो. दोनदा. सवयीने बादलीही भरली, ब्रश काढला, आणि पायरीवर बसून राहिलो. मागच्या मडगार्डवरून चिखलाचं पाणी टपटपत होतं. हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोला.

मग त्या बादलीत पाय धुतले.

सोमवारी दाखवायला न्यायची आहे. जायला-यायला त्या दीडशेतले बारा कटतील.