एकच पेला, दोन निकाल

चव घेणाऱ्या पॅनलवर बसायचं तर आधी तासभर चहा, पान, खर्रा बंद. या एका अटीपायी नागपुरात माझी निम्मी माणसं गळतात. उरलेल्यांना लाल दिव्याखाली बसवते, म्हणजे रसाचा रंग पाहून मत बनत नाही. समोर तीन पेले, त्यांवर तीन आकडी कोड. दोन सारखे, एक वेगळा, तो ओळखायचा. इथे उत्तर बरोबर असतं नाहीतर चूक, म्हणून ही चाचणी मला आवडते.

त्या दिवशी संत्र्याचा रस होता. नागपुरी संत्र्याचा ताजा रस गोड लागतो आणि ठेवला की कडवट होत जातो. फळात कडू नसलेलं एक द्रव्य असतं. रस काढताना पेशी फुटल्या की आम्लामुळे त्याचं लिमोनिन बनतं, आणि ते कडू. गरम केलं की आणखी लवकर. बिया आणि सालीखालचा पांढरा भाग चिरडला तर विचारूच नका. मशीनवाल्यांना दाब कमी ठेवा म्हणून सांगून थकले, पण त्यांना फक्त लिटर दिसतात.

अकाउंट्समधल्या पोराला वेगळा पेला सापडलाच नाही. "सगळे सारखेच तं आहे मॅडम." यात नवल नाही. लिमोनिन कुणाला अगदी थोडं असलं तरी कळतं, कुणाला कितीतरी जास्त असूनही नाही. अमेरिकेत १९३१ साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून पीटीसी नावाच्या रसायनाची पूड उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्सला काहीच नाही. जिभा वेगळ्या, विषय संपला.

पण काटोलच्या ताई आणि पॅकिंगमधल्या ताई? दोघींनी दर वेळी तोच पेला उचलला, कडूपणाला गुणही जवळपास सारखे दिले. आणि मग, मी न विचारताच, जुंपली.

पॅकिंगमधल्या ताई म्हणाल्या, "हा बाद आहे."

"बाद काहून? झाडावरून उतरवलेल्या संत्र्याची चव हेच आहे जी. तुम्हाले साखरपाणी पायजे."

"पुन्हा घेऊन पहा ना, घशाशी लागते."

"लागते. म्हणूनच चांगला आहे."

मॅनेजर म्हणाले, "चव ज्याची त्याची. सरासरी काढून टाका." हे मला पटत नाही. एकीसाठी 'चांगला' खरं आणि दुसरीसाठी 'बाद' खरं, एवढंच असतं तर काटोलच्या ताईंनी झाडावरून उतरवलेल्या संत्र्याची साक्ष का काढली असती? दुसरीने पेला तिच्यापुढे का सरकवला असता? 'मला आवडतो', 'मला नाही' म्हणून दोघी उठल्या असत्या. त्या एकमेकींना पटवत होत्या. दोघींपैकी कोण चुकलं ते मी दाखवू शकत नाही. ब्रिक्स म्हणजे साखर मोजा, आम्लता मोजा, लिमोनिन मोजा, तो आकडा दोघींना मान्यच आहे. तरी त्या भांडल्या नाहीत, असंही मला म्हणवत नाही.

रिपोर्टात कडूपणाचा आकडा एक लिहिला आणि खाली दोन्ही मतं, कारणांसकट. सरासरी दिली नाही. मॅनेजरांनी तो सही न करता परत पाठवलाय, आणि माल कोल्ड स्टोरेजमध्ये पडून आहे.