आमसुलांची पुडी

दिवेआगरला जायचं ठरलं ते आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या स्वयंपाकघरात, पोळ्या होता होता. ठरलं म्हणजे गाव ठरलं. उतरायचं कुठे, यात चार रात्री गेल्या.

वडिलांच्या वेळी हे काम शेजारचे काका करायचे. "आम्ही उतरलो होतो, बरं आहे," एवढं ते म्हणाले की वडील खोपटला जाऊन एसटीचं रिझर्व्हेशन करून यायचे. आता काका शेकड्यांनी झालेत आणि त्यातल्या एकाचाही चेहरा ठाऊक नाही. त्यातले कितीजण खरोखर गेले होते, देव जाणे. २०१७ साली लंडनमध्ये एका पत्रकाराने स्वतःच्या बागेतली शेड खोट्या रिव्ह्यूंच्या जोरावर ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर शहरातलं एक नंबरचं रेस्टॉरंट करून दाखवली होती. तोवर तिथे एक पानही वाढलेलं नव्हतं!

म्हणून पाच तारेवाल्यांना मी सोडूनच देतो. 'मस्त', 'फॅमिलीसाठी बेस्ट'. यातून कळणार काय? एक तारा देणारा मात्र मन लावून लिहितो. एका घरगुती मुक्कामाबद्दल असाच एकजण चिडला होता: 'मालकीणबाई पहाटे अंगण झाडतात, खराट्याच्या आवाजाने झोपमोड. वायफाय नाही. जेवणात रोज सोलकढी.'

बायकोने गॅस बारीक केला. "हेच बुक कर."

गंमत म्हणून मी आमच्या ठाण्याच्या तलावाकाठच्या तलावपाळीचेही रिव्ह्यू उघडले. कुणीतरी दोन तारे कापले होते, का तर गर्दी फार. अहो, गर्दी नसेल तर तलावपाळीला जायचं कशाला?

खराटा खरंच पहाटे वाजला. सोलकढी मी रोज दोनदा मागून घेतली. निघताना काकूंनी हातात आमसुलांची पुडी ठेवली, पैसे काही घेईनात. "ते तारेबिरे द्या हं, जमलं तर."

इथे माझी पंचाईत झाली. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी एक मानक काढलंय, आयएस १९०००. पाळणं ऐच्छिक, पण विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत असं त्यात आहे. पाव किलो आमसुलं त्यात धरायची का?

माणगावच्या ट्रॅफिकमध्ये फोन काढला, पाचव्या ताऱ्यावर बोट नेलं. बायको शेजारून डोकावली.

"चारच दे. पाच दिलेस तर दिवाळीत आपल्यालाच खोली मिळायची नाही."