भात सुटला, चिवडा सुटेना

रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आल्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने मी कर्बोदके कमी केली, तेव्हा नातेवाइकांनी मला धीर दिला तो भाताबद्दल. आमचे माहेर-सासर दोन्हीकडचे मूळ कोकणातले, त्यामुळे त्यांची काळजी समजण्यासारखी होती. प्रत्यक्षात भात सोडणे फारसे जड गेले नाही, कारण तो ताटात वाढून घेतला नाही की विषय तिथेच संपतो. जड गेला तो पातळ पोह्यांचा चिवडा.

लो-कार्ब आहार टिकवायचा असेल तर आवडता पदार्थ आणि ट्रिगर पदार्थ यांत फरक करावाच लागतो, असे माझे ठाम मत झाले आहे. खाण्याआधी किती इच्छा होते यावरून तो फरक ठरत नाही, तर पहिल्या घासानंतर काय होते यावरून ठरतो. वडापाव मला मनापासून आवडतो, पण एक खाल्ला की मी हात पुसून मोकळी होते. चिवड्याची एक मूठ तोंडात असतानाच दुसरी भरलेली असते, आणि थोड्या वेळाने बोटे डब्याच्या तळाशी तळलेले खोबऱ्याचे काप आणि दाणे शोधत असतात.

याला केवळ जिभेचे चोचले म्हणून चालणार नाही. नुसती साखर किंवा नुसते लोणी कोणी वाटीवाटीने खात नाही. पिष्ट आणि मेद एकत्र आले आणि वर मीठ पडले की मात्र हात आवरत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की उष्मांक सारखे असूनही केवळ मेद किंवा केवळ कर्बोदके असलेल्या खाण्यापेक्षा दोन्ही एकत्र असलेल्या खाण्यासाठी लोक अधिक पैसे मोजायला तयार होते, आणि मेंदूचा प्रतिसादही त्याच खाण्याला अधिक होता. मुंबईतल्या कुठल्याही फरसाणच्या दुकानात उभे राहून पाहावे: शेव, खारी, वेफर्स, शंकरपाळी, सगळा माल याच जातीचा. म्हणून ‘थोडेसेच खा’ हा सल्ला आवडत्या पदार्थाला लागू पडतो, ट्रिगर पदार्थाला नाही. त्याच्या बाबतीत अजिबात न खाणे हे थोडे खाण्यापेक्षा कितीतरी सोपे असते.

अर्थात घर माझ्या एकटीचे नाही. चिवडा घरात होतोच, कारण मुलाला तो लागतो आणि सासूबाईंना चहाबरोबर दुसरे काही चालत नाही. “अगं, चिमूटभराने काय होतंय?” असे त्या सुरुवातीला म्हणत. “आई, चिमटीवर थांबता आलं असतं तर प्रश्नच नव्हता,” असे मी म्हटल्यावर त्यांनी डबा स्वतःच्या कपाटात हलवला. आता दिवाळीत पोहे मी भाजते, फोडणी मी करते, आणि मीठ-साखरेची चव त्या पाहतात.

तरीही संध्याकाळची तलफ बहुतेक वेळा दुपारच्या डब्यातच शिजलेली असते. पोळी काढून टाकली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही, नुसते वांग्याचे भरीत आणि काकडीची कोशिंबीर नेली, की पाच वाजता कार्यालयातल्या चहाबरोबर येणारी खारी अमृतासारखी दिसू लागते. डब्यात अंड्यांची भुर्जी, पनीर किंवा आदल्या रात्रीचा तळलेला बांगडा असेल तर त्याच खारीकडे शांतपणे पाहता येते. (बांगड्याच्या वासावरून शेजारच्या टेबलाशी जे तह करावे लागतात, तो स्वतंत्र विषय आहे.) शाकाहारी मैत्रिणी इथे डाळीवर भिस्त ठेवतात, पण शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत प्रथिने सुमारे २२ ग्रॅम असली, तरी कर्बोदके त्याच्या दुपटीहून अधिक असतात, हे हिशेबात धरावे लागते.

पहिल्या आठवड्यातला थकवा मात्र भुकेचा नसतोच असे अनेकदा होते. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (म्हणजे कर्बोदकांपासून बनलेल्या साखरेच्या साठ्याच्या) दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. तो साठा उतरला की पाणीही जाते, आणि इन्सुलिन कमी झाल्याने मूत्रपिंडे सोडियमही अधिक बाहेर टाकतात. डोके दुखते, पाय गळतात, आणि आपल्याला वाटते की पोळी हवी आहे. मीठ घातलेले ताक प्यायल्यावर मला बरे वाटत असे. ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनी मिठाबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय भातही कमी करू नये, कारण औषधाचे प्रमाण तेच राहिले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

पोट भरलेले असूनही जी तलफ येते, ती जागेची आणि वेळेची असते. वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केला असे मानले जाते. घाईत असलेल्या, उभ्या उभ्या खाणाऱ्या माणसासाठीच तो जन्मला, आणि आजही नेमका त्या माणसाच्या वाटेत उभा असतो. सीएसएमटीला तळणीचा वास आला की माझे पाय आपसूक मंदावतात. त्या वासाशी वाद घालण्यात अर्थ नाही, चालत राहण्यात आहे. गाडीत बसायला मिळो अथवा न मिळो, दादर येईपर्यंत ती तलफ बहुतेक वेळा निवते, आणि मुलुंडला उतरताना भूक खरोखर असेल तर ती जेवणाची असते.

उपवासाचा दिवस हा सर्वांत फसवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके. त्यात बटाटा, तूप आणि दाण्याचे कूट. एकादशीला मी वरीशिवाय दाण्याची आमटी आणि दही घेते. मात्र तेच दाणे खारे करून बरणीत भरले की माझी गत पुन्हा चिवड्यासारखीच होते, म्हणजे ‘चालणाऱ्या’ पदार्थांच्या यादीत नाव असले म्हणून पदार्थ निरुपद्रवी ठरत नाही. काजूंचेही तेच, आणि त्यांत तर शंभर ग्रॅममागे सुमारे ३० ग्रॅम कर्बोदके असतात. शुगर-फ्री बिस्किटांबद्दल माझे मत याहून वाईट आहे: साखर नसली तरी मैदा किंवा कणीक असतेच, आणि चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत हवे ही सवयही तशीच जिवंत राहते.

आग्रहावर मात्र अजून रामबाण उपाय सापडलेला नाही. ‘डायट चालू आहे’ म्हटले की यजमानीण दुप्पट वाढते. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हटले की निदान एकदाच आग्रह करते. हळदीकुंकवाला मिळालेला लाडू मी “घरी नेते” म्हणून पर्समध्ये ठेवते आणि तो मुलाला मिळतो. गणपतीत मात्र मी कुठलीही सबब सांगत नाही. उकडीचा मोदक हा माझा आवडता पदार्थ आहे, ट्रिगर नव्हे. जेवणाच्या शेवटी एक मोदक तुपाची धार सोडून खाते, त्या दिवशी वरणभात घेत नाही, आणि दुसरा मोदक कोणी ताटात टाकण्याआधी ताट उचलते.