वीस मायक्रॉनचे चुंबक आणि पाषाणचा पावसाळा

जुलैमधला सोमवार होता आणि पुण्यात पाषाणला दोन दिवस झड लागली होती. शुक्रवारी संध्याकाळी मी निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या २० मायक्रॉन (मिलिमीटरचा पन्नासावा भाग) जाडीच्या थरातून तेवढ्याच रुंदीचे चौकोनी चुंबक आम्लाने कोरले, चिप पाण्याने धुतली आणि काचेच्या बशीत टेबलावरच ठेवून घरी गेले. भोसरीच्या एका कारखान्यातील यंत्राच्या कंपनांवर वीज निर्माण करून संवेदकाला पुरवणाऱ्या उपकरणासाठी हे चुंबक हवे होते. कायम चुंबकाची सर्व मापे सारख्या प्रमाणात घटवली, तरी त्याच्या पृष्ठभागाजवळचे क्षेत्र तेवढेच राहते आणि क्षेत्राचा उतार, म्हणजे अंतरानुसार ते बदलण्याचा वेग, उलट अधिक तीव्र होतो; म्हणूनच इतक्या लहान मापावर मला त्याच्याइतका भरवशाचा पर्याय दिसत नाही.

मॅग्नेटोमीटरवर मात्र चुंबकत्व सुमारे एक पंचमांशाने कमी आले आणि बाहेरचे क्षेत्र बदलत नेताना चुंबकत्व कसे बदलते ते दाखवणाऱ्या वक्राला शून्य क्षेत्राजवळ स्पष्ट खाच पडलेली दिसली.

"भट्टीत बिघडलं असेल, नोंदवही बघ," सर म्हणाले. नोंदीत काहीच वावगे नव्हते: अस्फटिक थर ६५० अंश सेल्सियसला नेहमीप्रमाणे तापवला होता. शिवाय त्याच थराचा न कोरलेला तुकडा मोजला, तर त्याचा वक्र निर्दोष निघाला. म्हणजे हानी कोरल्यानंतरची होती. वरून आणि खालून टँटलम या धातूचे कवच होते, पण कोरल्यामुळे चारही बाजू उघड्या पडल्या होत्या, आणि निओडिमियमने समृद्ध असलेल्या कणसीमांमधून, म्हणजे स्फटिककणांमधल्या सीमांमधून, ओलावा झपाट्याने आत शिरतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छेद पाहिला, तेव्हा प्रत्येक बाजूने जवळजवळ एक मायक्रॉनपर्यंत ऑक्सिजन पोहोचलेला आढळला. मी वहीत गणित मांडले. दोन मिलिमीटर रुंद चुंबकाच्या चारही बाजूंनी एक मायक्रॉन गेला, तर ०.२ टक्के द्रव्य वाया जाते. माझ्या चुंबकात वीसाच्या वर्गातून अठराचा वर्ग उरतो, म्हणजे १९ टक्के जातात. मोजमापातील तूट जवळपास तेवढीच होती. ध्वनिक्षेपकातल्या चुंबकाला ज्याची दखलही घ्यावी लागत नाही, त्याने माझा पाचवा हिस्सा खाल्ला होता.

पुढची चिप मी अल्कोहोलने धुतली, निर्वातात वाळवली आणि त्याच तासात तिच्यावर पॅरिलीन या ओलावा रोखणाऱ्या प्लास्टिकचा लेप चढवला. वक्रातील खाच जवळपास नाहीशी झाली; आम्लाने कडांना केलेली थोडी इजा तेवढी उरली आणि त्यासाठी कोरण्याची पद्धतच बदलावी लागणार, हे सरांनी आणि मी त्याच संध्याकाळी ठरवले.