अंदाजपंचे माशी

माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये दोन कोंबड्यांच्या माना आहेत. म्हणजे मानेचं वाळवलेलं कातडं, पिसांसकट, झिपलॉकच्या पिशवीत घालून ठेवलेलं. एक करडी, पिसापिसावर काळे-पांढरे आडवे पट्टे असलेली, आणि दुसरी विटकरी तांबडी. लग्नाला बारा वर्षं झाली, बायकोला माझ्या बऱ्याच गोष्टींची सवय झालीय पण या ड्रॉवरची काही होत नाही. घरी कुणी येणार असलं की पोहे परतता परतता तिचा प्रश्न येतोच, "तुझ्या त्या कोंबड्या आत आहेत ना रे?"

तर या कोंबड्या फ्लाय बांधायच्या. ट्राउट धरायला गळावर दोरा, पिसं, लोकर असलं काहीबाही गुंडाळून जो खोटा किडा करतात तो फ्लाय. माशासाठी बांधलेली माशीच म्हणा ना. मी मूळचा मालवणकडचा, आमच्याकडे गरवायला जायचं म्हणजे गरीला कोळंबीचा तुकडा नाहीतर गांडूळ लावायचं आणि खाडीच्या कडेला बसून राहायचं, माशाला निदान तोंडात काहीतरी खरं मिळतं. इथे मिशिगनला आल्यावर पहिल्यांदा पाहिलं की माणसं छातीपर्यंत रबरी विजार चढवून थंडगार पाण्यात उभी आहेत, माशाला पिसं खायला घालतायत, आणि एवढं सगळं करून हाती लागलेला मासा परत सोडून देतायत, तेव्हा मला वाटलं यांचं काहीतरी बिनसलंय. आता मी त्यांच्यातलाच. आई फोनवर अजून विचारते, "सोडून देतंस तर धरतंस कित्याक?" आणि खरं सांगतो, माझ्याकडे याचं उत्तर नाही.

फ्लायचे प्रकार मोजायला गेलात तर वेड लागेल, मी मात्र फिरून फिरून एकाच फ्लायवर येतो, त्याचं नाव अ‍ॅडम्स. मिशिगनचा नकाशा हाताच्या पंजासारखा आहे आणि इथली माणसं खरंच पंजा वर धरून त्यावर बोट ठेवून आपलं गाव दाखवतात. त्या पंजावर करंगळीच्या बाजूला, ट्रॅव्हर्स सिटीच्या जरा खाली मेफील्ड म्हणून एवढुसं गाव आहे. तिथल्या लेन हॅलडे यांनी १९२२ मध्ये हा फ्लाय बांधला आणि ओहायोहून आलेल्या आपल्या वकील मित्राला, चार्ल्स अ‍ॅडम्स यांना वापरून बघायला दिला. ते तो घेऊन बोर्डमन नदीवर गेले, भरपूर मासे लागले, खूश होऊन परत आले आणि विचारायला लागले की अरे हा फ्लाय कुठला? नाव ठेवलेलंच नव्हतं. मग ज्याने पहिले मासे काढले त्याचंच नाव देऊन टाकलं. मला हे जरा खटकतं हं, म्हणजे वडे केले एकीने आणि नाव लागलं पहिला वडा खाणाऱ्याचं.

पण खरी गंमत पुढे आहे. जुने फ्लाय बरेचदा एखाद्या ठरावीक किड्याची नक्कल असतात, अमुक नदीवर अमुक महिन्यात जो किडा पाण्यातून वर येतो त्याचाच रंग, त्याचाच आकार. अ‍ॅडम्स कुणाचीच नक्कल नाही. करडं अंग, करड्या-तांबड्या पिसांची मिसळ, दोन उभे पंख. मेफ्लाय म्हणा, कॅडिस म्हणा (दोन्ही पाण्यात वाढणारे किडे), बारीक बांधला तर चिलट म्हणा, तो कशालाच नाही म्हणत नाही. माशाला खालून दिसणार तरी काय, पिसांची टोकं पाण्यावर टेकली की पाण्याला बारीक बारीक खळ्या पडतात आणि त्यांच्या वर काहीतरी करडं धूसर असतं. पिसावरच्या पट्ट्यांमुळे आणि दोन रंग एकमेकांत मिसळल्यामुळे ते जागच्या जागी असूनही फडफडल्यासारखं वाटतं. उरलेला किडा मासा स्वतःच्या मनाने पूर्ण करतो. शुद्ध अंदाजपंचे दाहोदरसे!

आणि हे आवडावं कुणाला तर मला. मी दिवसभर गिअरचे दात मायक्रॉनमध्ये मोजतो, डेट्रॉइटच्या आसपासच्या निम्म्या मराठी माणसांसारखा मीही गाड्यांच्या धंद्यातच आहे. आमच्याकडे मीटिंगमध्ये कुणी "अंदाजे" म्हणालं की सगळे त्याच्याकडे असे बघतात की जणू त्याने देवळात चपला घातल्यात.

फ्लाय बांधणं मी एका हिवाळ्यात क्लास लावून शिकलो. बाहेर गुडघाभर बर्फ, आत सहा जण आपापल्या व्हाइससमोर, म्हणजे गळ घट्ट पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यासमोर, वाकलेले. आधी व्हाइसमध्ये १४ नंबरचा गळ पकडायचा, दोऱ्याचे वेढे द्यायचे, मग पट्टेरी पिसांची दोन टोकं घेऊन पंख उभे करायचे आणि दोघांच्या मधून दोरा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून त्यांना वेगळं करायचं. मग शेपटी. हॅलडे यांच्या मूळ फ्लायला गोल्डन फेझंटच्या मानेच्या पिसाची शेपटी होती आणि अंगाला करडी लोकर, आता बहुतेक लोक शेपटीला तीच करडी-तांबडी मिसळ लावतात आणि अंगाला मस्करॅट नावाच्या पाणउंदराची मऊ लव. पिसं मात्र तेव्हाही प्लायमथ रॉक आणि ऱ्होड आयलंड रेड कोंबड्यांचीच, त्यातली दुसरी जात आपल्याकडे पोल्ट्रीवाल्यांना आरआयआर म्हणून चांगली माहीत आहे.

ही लव दोऱ्यावर चढवायची तऱ्हा बघितली आणि मी क्लासमध्ये एकटाच हसलो. दोऱ्याला किंचित मेण लावायचं, चिमटीत इतकुशी लव घ्यायची आणि अंगठा नि तर्जनी यांच्यात एकाच दिशेने वळत वळत न्यायची, की ती दोऱ्याला धरून बसते. अहो हे तर वाती वळणं! माझी आजी दुपारी ओटीवर बसून कापसाच्या वाती वळायची, बोटांना भस्म लावून, बोलणं चालू, बघणं दुसरीकडे आणि वात शेवटपर्यंत एकसारखी बारीक. मी नऊ वर्षांचा असताना तिच्या शेजारी बसून वळल्या होत्या, माझ्या वाती मधेच फुगायच्या, अजगराने बोकड गिळल्यासारख्या. माझे पहिले अ‍ॅडम्सही तसेच झाले.

शिकवणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे. त्यांना विचारलं, लव नक्की किती घ्यायची? ते म्हणाले, वाटते तेवढी घे आणि त्यातली अर्धी परत ठेव. मी वहीत लिहायला पेन काढलं होतं ते तसंच राहिलं. कारण आईला माशाच्या सारात आमसुलं किती घालू विचारलं की तीही म्हणते, अंदाजान घाल. इंजिनिअर माणसाने जायचं कुठे!

शेवटी दोन्ही रंगांची पिसं एकत्र धरून पंखांच्या मागे दोन-तीन वेढे, पुढे दोन-तीन वेढे, आणि गाठ. हे वेढे उभे राहिले की गोल झालर होते, तिच्याच जिवावर फ्लाय पाण्यावर तरंगतो. आणि इथेच सगळे नवशिके मार खातात, कारण मागे सढळ हाताने जागा वापरलेली असते आणि पुढे गाठ मारायला जागाच उरत नाही, मग गाठ जाऊन बसते गळाच्या नेढ्यावर. नदीवर थंडीने बोटं काकडलेली असताना त्या बुजलेल्या नेढ्यातून नायलॉन ओवायचा प्रयत्न करून बघा, सुईत दोरा ओवणाऱ्या समस्त आज्यांबद्दलचा आदर वाढतो.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी ग्रेलिंगला गेलो, आमच्या नोव्हीपासून तीनेक तास. ग्रेलिंग हे खरं माशाचं नाव, लाकूडतोडीच्या काळात ओंडके वाहून नेता नेता नद्यांचे तळ खरवडले गेले आणि तो मासा १९३०च्या दशकापर्यंत मिशिगनमधून संपला, गावाला नाव तेवढं राहिलं. तिथून ऑ साबल नदी वाहते आणि तिच्या आठेक मैलांच्या पट्ट्याला लोक होली वॉटर म्हणतात, म्हणजे तीर्थच की. तिथे फक्त फ्लाय चालतो आणि मासा सोडावाच लागतो. आता तिथे जो ब्राउन ट्राउट आहे तोही मूळचा इथला नाही, त्याची अंडी जर्मनीहून आली, आमच्या शेजारच्या नॉर्थव्हिलच्या हॅचरीत उबवली आणि १८८४ मध्ये पिल्लं बाल्डविन नदीत सोडली. त्याचा व्हिसा माझ्या आधी झाला एवढंच.

मी माझा सगळ्यात देखणा अ‍ॅडम्स घेऊन गेलो होतो. सांगायला लाज वाटते पण त्याचे दोन्ही पंख मी कॅलिपर लावून मोजले होते. तिसऱ्या फेकीला तो सीडरच्या फांदीत गेला, अजून तिथेच असेल. दुसरा बांधला, त्याच्याकडे मासा वर आला, बघितलं आणि खाली गेला. परत आला, परत गेला. हे बरेचदा फ्लायमुळे होत नाही, दोरीमुळे होतं. मधला प्रवाह जोरात आणि काठाजवळचा हळू, मधे पडलेली दोरी पुढे पळते आणि फ्लायला ओढत नेते, मग तो छोट्या मोटरबोटीसारखा पाण्यावर रेघ काढत जातो. कुठला किडा असा जातो? मासा अशिक्षित असेल, खुळा नाही. दुसराही शेवटी एका बुडालेल्या ओंडक्यात गेला.

डबीत राहिला होता क्लासमधला एक, बोकड गिळलेला, एक पंख कानामागे पडल्यासारखा. नेढं दुसऱ्या गळाच्या टोकाने कोरून मोकळं केलं, ५एक्सचा नायलॉन ओवला (अकरातून पाच वजा, म्हणजे जाडी इंचाचे सहा हजारांश, बघा, या धंद्यातही माझ्यासाठी एक गणित आहे) आणि टाकला. या वेळी दोरी उचलून वरच्या अंगाला आडवी टाकली. फ्लाय सैल, निवांत, पाण्याच्याच वेगाने खाली यायला लागला. फांदीच्या सावलीत शिरला. आवाजही झाला नाही, नुसता बशीएवढा गोल उमटला आणि फ्लाय दिसेनासा झाला.

यावरून बेढब फ्लायच चांगले असं म्हणणारे लोक भेटतात, मला ते आळशी वाटतात. त्या दिवशी दोरी नीट पडली म्हणून मासा आला, पंख सरळ असता तरी आला असता.

पिवळसर पोट, पाठीला काळे ठिपके, बाजूला लाल ठिपके आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं, कुणी बारीक ब्रशने काढल्यासारखं. हात ओले करून धरला, गळाचा काटा आधीच पक्कडीने दाबून सपाट केलेला असतो त्यामुळे गळ चटकन निघाला. माझ्या जाळीच्या काठावर मी इंचांच्या खुणा केल्यात, त्यावर साडेनऊ भरला. प्रवाहाकडे तोंड करून धरला तर क्षणभर हातातच राहिला, मग गेला.

रात्री घरी येऊन आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ, ती चहा पीत होती. "केवढो गावलो?" मी दोन्ही हात वर करून दाखवलं. मागून बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, तिने वर बघितलं.

"साडेनऊ इंच म्हणाला होतास ना मगाशी? हे दीड फूट आहे."

"अंदाजान," मी म्हटलं.